विचारा तर खरं! : लेकीला ‘डेरी गर्ल्स’ बघू द्यावी का?

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या मुक्काम डब्लिन. लेक १४ वर्षांची, इथल्या शाळेत सेकंड इयरला; धाकटा १० वर्षांचा. लेकीच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांनी ‘डेरी गर्ल्स’ नावाची विनोदी मालिका पाहिली आहे. मधल्या सुट्टीत त्यातलेच संवाद फेकत असतात म्हणे, आणि हिला काही कळत नाही. म्हणून हट्ट धरून बसली आहे. मी पहिला भाग लावला आणि अर्ध्यात बंद केला. त्यातली ती मिशेल तोंड उघडते ती शिवी द्यायलाच. नवरा म्हणतो, बघू दे, शाळेच्या बसमध्ये याहून जास्त ऐकते. त्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या आहेत, हॉल एक, टीव्ही एक. नाव ऐकून त्यांना वाटलं, दूध डेअरीतल्या मुलींची गोष्ट आहे! काय करू?
– एक आई, डब्लिन

उत्तर : आधी निकाल सांगते, मग कारणं. लेकीला बघू द्या, पण पहिला सीझन तरी तुम्ही शेजारी बसून. धाकट्याला इतक्यात नको. सासूबाईंचं म्हणाल तर ती काळजीच सोडा, त्यांच्याकडे मी येतेच.

मी ही मालिका सगळी पाहिली आहे. खाली इंग्रजी अक्षरं लावून, कारण ही मंडळी बोलतात ते इंग्रजीच आहे, हे पहिली दहा मिनिटं मला पटेना. एकूण १९ भाग, बहुतेक अर्ध्या तासाच्या आतले. २०१८ ते २०२२ या काळात ब्रिटनच्या चॅनल फोरवर आले, तेही रात्री नऊनंतर. डेरी हे उत्तर आयर्लंडमधलं शहर. लिहिणारी लिसा मॅकगी स्वतः तिथलीच, कॅथलिक मुलींच्या शाळेत शिकलेली. काळ १९९०च्या दशकातला. एरिन, ओर्ला, क्लेअर, मिशेल या चार मैत्रिणी आणि मिशेलचा मावसभाऊ जेम्स. हा बिचारा इंग्लंडहून आलेला. मुलांच्या शाळेत घातला तर पोरं बडवून काढतील, म्हणून त्याला थेट मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये घालतात. आणि त्या शाळेत मुलांसाठी बाथरूमच नाही. पहिल्या भागातली अर्धी गंमत याच अडचणीवर चालते. तुम्ही नेमकी कुठे बंद केलीत कोण जाणे!

अमेरिकेत या मालिकेवर ‘टीव्ही-एमए’ असा शिक्का आहे. म्हणजे १७ वर्षांखालच्या मुलांसाठी अयोग्य असू शकेल. रक्ताच्या चिळकांड्या उडवणाऱ्या मालिकांवरही हाच शिक्का असतो. त्यामुळे शिक्का बघून दचकायचं कारण नाही, पण तो उगाच मारलाय असंही नाही. आत काय आहे ते स्पष्टच सांगते. शिव्या भरपूर. मिशेलच्या तोंडी सतत पोरांविषयीचं चावट बोलणं. चोरून दारू. दुसऱ्या सीझनमध्ये एका म्हातारीच्या मयताला जमलेल्या घरात गांजा घातलेले स्कोन, म्हणजे छोटे केक, येतात, आणि मग ते पाहुण्यांच्या तोंडी पडू नयेत म्हणून पोरांची जी धावपळ होते, ती बघताना मी हसून हसून बेजार झाले. पहिल्या सीझनमध्ये चर्चमधल्या मेरीच्या मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू येतात आणि पोरी ‘चमत्कार, चमत्कार’ म्हणून परीक्षा चुकवू बघतात. ते अश्रू प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर कुत्र्यानं केलेल्या उद्योगाचे असतात. तुम्हाला यात काही वाटणार नाही, पण लेकीची एखादी मैत्रीण भाविक घरातली असेल तर हा किस्सा तिच्या आजीसमोर रंगवू नको, एवढं तिला सांगून ठेवा. अंगप्रदर्शन, शय्यादृश्यं म्हणाल तर ती नाहीत. जे आहे ते सगळं तोंडाळपणात.

हे झालं मोजायचं. पण मुलांनी कुठला विनोद बघावा हे ठरवताना मी आधी बघते की हसू कुणावर आहे. आपल्याकडे रात्री जेवताना अख्खं घर जे विनोदी कार्यक्रम बघतं, त्यांत जाड बाई, सावळी मुलगी, साडी नेसवलेला पुरुष हे ठरलेले बकरे. त्यावर कुठलाही शिक्का नसतो, आजोबा-नातवंडं मांडीला मांडी लावून बघतात. मी आयुष्यभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. आठवीतल्या एका मुलीला अशाच कुठल्याशा स्किटमधलं टोपणनाव चिकटलं. ती नाचायची फार सुंदर, पण त्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या यादीत तिनं नाव दिलं नाही. ‘बाई, स्टेजवर गेले की हाक मारतील,’ म्हणाली. शिवी ऐकून बिघडलेली मुलगी मला फारशी आठवत नाही. अशा कोमेजलेल्या मात्र कितीतरी.

या कसोटीवर ‘डेरी गर्ल्स’ बहुतेक ठिकाणी उतरते, कारण त्या पोरी सगळ्यात जास्त स्वतःच तोंडघशी पडतात. एरिनला आपण मोठ्या लेखिका आहोत असं वाटतं आणि दर भागात तिचा फुगा फुटतो. एका ठिकाणी मात्र मला खुपलं. जेम्सला येता-जाता ‘हा तसलाच’ म्हणून चिडवणं. चार-पाच भाग तेच तेच चालतं. पण मग पहिल्या सीझनचा शेवट येतो. शाळेच्या मासिकात कुणीतरी निनावी लेख दिलाय, आपल्याला मुली आवडतात असा. संपादक एरिन तो मोठ्या ऐटीत छापते. क्लेअर तिला हळूच सांगते, तो लेख माझा आहे. आणि इतका वेळ पुरोगामी असल्याचा आव आणणारी एरिन जिवलग मैत्रिणीशी अगदी वाईट वागते. इथं लेकीकडे बघू नका, टीव्हीकडेच बघा. तिला काही विचारावंसं वाटलं तर नंतर भांडी आवरताना विचारेल. तुम्ही लगेच प्रवचन सुरू केलंत तर पुढचा सीझन ती तुमच्यासोबत बघणार नाही.

त्याच भागाचा शेवट मला विसरता येत नाही. शाळेच्या स्टेजवर ओर्ला एकटीच काहीतरी विचित्र नाच करते आहे, सगळी शाळा हसते आहे. तिच्या मैत्रिणी आणि जेम्स उठतात, स्टेजवर जातात आणि तिच्यासोबत तोच वेडा नाच सुरू करतात. तिकडे घरी मोठी माणसं टीव्हीवर बॉम्बस्फोटाची बातमी बघत उभी आहेत. कुणी काही बोलत नाही. सतत जावयाचा उद्धार करणारा एरिनचा आजोबा त्या जावयाच्या खांद्यावर हात ठेवतो.

म्हणूनच धाकट्याला नको म्हटलं. दहाव्या वर्षी त्याला मिशेलच्या शिव्या तेवढ्या पाठ होतील आणि ती बातमी डोक्यावरून जाईल.

आता माझ्या विषयाचं. लेकीला आधी दहा मिनिटं इतिहास सांगा, नाहीतर पहिल्याच भागात शाळेच्या बसमध्ये बंदूकधारी सैनिक चढतात आणि पोरी त्यांच्याकडे बघून शेरेबाजी करतात, हे तिला नुसतंच विचित्र वाटेल. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली, उत्तरेकडचा तुकडा ब्रिटनकडे राहिला. तिथल्या कॅथलिकांना घरं, नोकऱ्या, मतदान सगळीकडे डावललं जाई. त्यातून १९६०च्या दशकाअखेर पेटलेला संघर्ष तीस वर्षं चालला, साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. डेरीतच ३० जानेवारी १९७२ला नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ जण तेव्हाच गेले, एक नंतर. त्याबद्दल ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत माफी मागायला २०१० साल उजाडलं. मालिकेतल्या आया या सगळ्यातून गेलेल्या बायका आहेत. म्हणून पुलावर बॉम्ब ठेवल्याची बातमी आली की आईला चिंता ही की पोरं आता घरीच बसतात की काय, आणि मावशी कुरकुरते की तिची सनबेडची, म्हणजे दिव्यांखाली कातडी रापवून घ्यायची, वेळ हुकणार. लेकीला हे निर्दय वाटलं तर तिला सांगा, ११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच लोकल पकडून लोक कामावर गेले. वाटलं तर टिळकांचंही सांगा. १९१६ साली बेळगावात त्यांनी होमरूल लीग काढली, ते होमरूल आयर्लंडकडूनच घेतलेलं.

दोन-तीन भाग सोबत बघाच. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात कॅथलिक मुली आणि प्रोटेस्टंट मुलगे यांचं मैत्री शिबिर भरतं. पाद्री दोन फळे मांडतो, एकावर आपल्यात सारखं काय आणि दुसऱ्यावर वेगळं काय. ‘वेगळं’चा फळा भरून वाहतो: प्रोटेस्टंट टोस्टर कपाटात ठेवतात, प्रोटेस्टंटांना अॅबा हा गाण्याचा बँड आवडत नाही, कॅथलिकांना पुतळ्यांचं भारी वेड. ‘सारखं’चा फळा कोरा. मग असा काही राडा होतो की दोन्हीकडच्या आईबापांना बोलवावं लागतं, आणि ते आपापल्या कार्ट्यांना झापत असताना त्या कोऱ्या फळ्यावर एकच शब्द लिहिला जातो: पालक. ‘वेगळं’चा तो भरलेला फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये मांडला गेला. डब्लिनहून बेलफास्ट काही लांब नाही, अजून मांडलेला आहे का ते विचारून सुट्टीत लेकीला दाखवून आणा.

तिसऱ्या सीझनमध्ये हॅलोविनच्या भागात क्लेअरचे वडील अचानक जातात. हसता हसता एकदम अंगावर येतं. तुमच्याकडे किंवा लेकीच्या मैत्रिणींत असं काही नुकतं घडलं असेल तर आधी कल्पना द्या. आणि शेवटचा लांब भाग १९९८च्या गुड फ्रायडे कराराचा, म्हणजे तो संघर्ष मिटवायला झालेल्या समझोत्याचा. करारात कैद्यांना सोडायचं कलम होतं. मिशेलचा भाऊ तुरुंगात आहे, त्याच्या हातून माणूस मेलाय. त्यावरून एरिन आणि मिशेल यांचं कडाक्याचं वाजतं. दोघींचंही बरोबर वाटतं, आणि मालिका निवाडा देत नाही. सार्वमतात उत्तर आयर्लंडच्या ७१ टक्के लोकांनी कराराला हो म्हटलं, पण हो म्हणणाऱ्यांना ते किती जड गेलं असेल हे मला इतकी वर्षं पुस्तकातून शिकवता आलं नव्हतं.

शिव्यांचं म्हणाल तर एकच नियम करा: मिशेलचं इंग्रजी टीव्हीत राहील, जेवणाच्या टेबलावर येणार नाही. आणि तुम्हीही तो पाळा, कारण बघून झाल्यावर ते तोंडात बसतं, माझं झालंय.

आता सासूबाई. एरिनच्या घरात तिचा ‘जो’ नावाचा आजोबा राहतो आणि त्याचा जावई, म्हणजे एरिनचा बाप जेरीही. म्हाताऱ्याला जावई डोळ्यांसमोर नको असतो. मुलीला सारखा सांगतो, याला सोड. जावयाचे हे हाल बघून सासूबाई तुमच्याआधी हसतील. साताऱ्याची बाई, गावच्या जत्रेत तमाशाच्या गवळणीतल्या मावशीची आणि पेंद्याची जुगलबंदी ऐकत मोठी झालेली. मिशेल त्यांच्यापुढे किस झाड की पत्ती! शिव्या त्यांना कळणार नाहीत, आणि आई पोरीला कसं झापते ते भाषेशिवाय कळेल. हॉलमध्ये त्यांनाही बसवा. धाकटा झोपल्यावर.

प्रश्न : बाई, माझा नातू १३ वर्षांचा. आईबाप दोघंही नोकरीवर, मी घरी. पोट्टा फोनवर काहीतरी पाहून खी-खी करत राहते, मी जवळ गेलो की स्क्रीन बंद. मुलगा म्हणतो, ‘बाबा, लॉक लावलाय, तुम्ही टेन्शन घेऊ नका.’ कोपऱ्यात ‘यू/ए १३+’ असं दिसते. हे सरकारनं पाहून दिलेलं असते का?
– एक आजोबा, नागपूर

उत्तर : नाही. थिएटरातल्या सिनेमाला सेन्सॉर बोर्ड प्रमाणपत्र देतं, मोबाइलवरच्या मालिकांना ते बघायला कुणी बसलेलं नसतं. २०२१च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं जे नियम काढले, त्यांनुसार हे वर्गीकरण ती कंपनी स्वतःच करते. पाच पायऱ्या आहेत: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. ‘यू/ए १३+’ म्हणजे तेरा पूर्ण झालेल्यांनी बघावं, त्याहून लहानांनी पालकांच्या देखरेखीखाली. तेरा आणि त्यावरच्या वर्गांना लॉकची सोय ठेवणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि ‘ए’साठी वयाची खातरजमा. मालिका सुरू होताना कोपऱ्यात वर्गासोबत एक ओळ येते: शिव्या, हिंसा, लैंगिक विषय वगैरे. ती दोन-चार सेकंदांत जाते, पण आकड्यापेक्षा जास्त ती ओळ वाचा. वर्गीकरण चुकलंय असं वाटलं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, १५ दिवसांत निकाल द्यायचा नियम आहे.

आता लॉक. मुलाला विचारा, लॉक कशाला लावलाय? नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी घरातल्या प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल असतं. नातवाच्या प्रोफाइलवर वयाची मर्यादा घातली, पण बापाच्या प्रोफाइलला चार आकडी पिन नसेल, तर पोरगा बापाच्याच नावानं आत शिरतो. आणि पिन म्हणजे बहुतेक घरांत कुणाचं तरी जन्मसाल. ते नातवाला पाठ असतं. खात्यात गेलं की कुठल्या प्रोफाइलवर काय पाहिलं त्याची यादी मिळते, नको ती मालिका नाव घालून बंदही करता येते. हे सगळं मुलाकडून समोर बसून करून घ्या.

पण तुमच्या वर्णनावरून माझा संशय दुसराच आहे. तेरा वर्षांचं पोर फोनवर अख्खा भाग बघत नसतं. त्याच्याकडे रील येतात, मोठ्यांच्या मालिकांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे. त्यावर ना यू, ना ए, ना ती ओळ. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, असा प्रकार. शिवाय तुकड्यात फक्त टोमणा येतो. ज्याला मारला त्याचं पुढे काय झालं, मारणाऱ्याला कुणी सुनावलं का, हे सगळं कापलेलं. वरच्या पत्रातल्या मालिकेचंच बघा ना, जेम्सला चिडवल्याचे तुकडे वेगळे काढून दाखवले तर ती मालिका मीही कुणाला बघू देणार नाही.

तेराव्या वर्षी फोन खोलीत दार लावून नको, हॉलमध्ये बसून बघायचा, हे आईबापांकडून ठरवून घ्या. तुम्ही एकट्यानं पोलिसगिरी करू नका, नातू आणि आजोबा यांत जे असतं ते त्यात जाईल. उलट एखाद्या दुपारी म्हणा, ‘दाखव रे, कशावर हसतोस.’ तो एक साधंसं दाखवेल, दहा लपवेल. चालेल. त्या एकावर मनापासून हसा, नाही हसू आलं तर ‘मला नाही बा समजलं, सांग’ म्हणा. विनोद आजोबांना समजावून सांगायला लागला की त्यातलं वाह्यात काय आहे हे पोराला आपोआप ऐकू येतं.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. आईबाबा म्हणतात, मोठ्यांची कॉमेडी बघायची तर आमच्यासोबत बसून बघ. चावट जोक आला की बाबा खाकरतात आणि आई पाणी आणायला उठते. याला बघणं म्हणतात का? काय सांगू त्यांना?
– अकरावी, ठाणे

उत्तर : नाही म्हणत. सोळाव्या वर्षी बाबांच्या खाकरण्यात कुणालाच हसू येत नाही.

त्यांच्यापुढे सौदा ठेव. मालिका तू सुचव, पहिले दोन भाग त्यांनी त्यांचे त्यांनी बघावेत, तू खोलीत नसताना. मग हो किंवा नाही सांगावं, आणि नाही म्हटलं तर कारण द्यावं. ‘आमच्या वेळी असलं नव्हतं’ हे कारण धरायचं नाही. त्यांच्या वेळी दादा कोंडके होते, आणि ते बघायला घरदार जात होतं. ‘यू/ए १६+’ असेल तर तुझी बाजू भक्कम आहे. ‘ए’ असेल तर दोन वर्षं थांब, त्यावर माझी वकिली मिळणार नाही. त्यांनी हो म्हटलं की तू एकट्यानं बघ, पण टीव्हीवर, रात्री पांघरुणात फोनवर नाही. एखाद्या भागात काही पोटात ढवळलं तर सांगायला जाशील, एवढा शब्द दे. तो त्यांना पुरतो.

आणि त्या दोन भागांनंतर आईबाबांनी तुला न सांगता अख्खा सीझन संपवला, तर शेवट फोडायचा नाही हे कलम सौद्यात आधीच घालून ठेव.